गिरणगावची मुकी दप्तरे

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी मंडळी आपसांत काय बोलतात, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे एक साधन आहे असे आम्ही म्हटले, तर आमचे बहुतेक साहित्यिक वाचक हसतील. विंडोज बरी की लिनक्स बरी, शोधयंत्राला प्रश्न कसा घालावा म्हणजे ते सरळ उत्तर देते, वेबवरची पाने पूर्वी हलकी होती ती आता इतकी जड का झाली, हा सारा चहाच्या टपरीवरचा वाद. त्याची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि ठेवली तरी ती वाचण्यास कोणी बसणार नाही. तथापि मराठी अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसणारी आकृती की कानांना ऐकू येणारा वर्ण, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत व्याकरणकारांच्या परिषदेत सुटला नाही. तो अशाच किरकोळ, रोजच्या, बहुधा चिडून व्यक्त केलेल्या मतांतून सुटला. आणि तो सुटेपर्यंत जी पंधरा-वीस वर्षे गेली, त्यांची किंमत मुंबईच्या एका भागास विशेष मोजावी लागली. तो भाग म्हणजे लालबाग-परळचे गिरणगाव.

यंत्रावर बसणाऱ्याचे यंत्राविषयीचे मत ऐकून घेण्याची चाल आपल्याकडे कधीच नव्हती. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो सार्वत्रिक संप झाला, त्याच्या मुळाशी दोन मागांऐवजी तीन माग एकाच विणकराने सांभाळावेत, ही मालकांची योजना होती. तीन माग सांभाळताना तुटलेला धागा कोणत्या क्षणी नजरेतून सुटतो, हे त्या विणकरास ठाऊक होते. योजना आखणाऱ्यास नव्हते. आज कमला मिल, फिनिक्स मिल यांच्या आवारांत काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत आणि तेथे पडद्यासमोर बसलेले तरुण ऑपरेटिंग सिस्टिमविषयी कुरकुरतात. त्या कुरकुरीची जात फारशी वेगळी नाही.

गिरणगावाचा आणि मराठी लेखनयंत्राचा संबंध मात्र ह्या कचेऱ्यांहून पुष्कळ जुना आहे. अर्देशीर गोदरेज यांनी कुलुपांचा कारखाना काढला तो १८९७ साली, लालबागेत. त्याच गोदरेज कंपनीने पुढे १९५५ साली टंकयंत्र तयार केले, आणि त्याच्या देवनागरी आवृत्तीवर महाराष्ट्रातील कचेऱ्या, न्यायालये आणि युनियनची कार्यालये यांचा पत्रव्यवहार दोन पिढ्या चालला. टंकयंत्र केव्हाच बंद झाले. पण त्याच्या कळांची मांडणी 'गोदरेज मराठी' ह्या नावाने संगणकाच्या कळफलकांत अजून जिवंत आहे. ज्या टंकलेखकाची बोटे त्या मांडणीवर तयार झाली, त्यास दुसरी कोणतीही मांडणी वेडगळ वाटते. हेही एक मतच.

ह्या टंकयंत्रावर 'गिरणी' हा शब्द कसा उमटत असे, ते पाहण्यासारखे आहे. टंकलेखक प्रथम वेलांटीची कळ दाबी, मग ग ची. कारण कागदावर वेलांटी डावीकडे आहे, आणि यंत्र डावीकडून उजवीकडे जाते. छापखान्यातही तोच न्याय होता. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव आणले, त्याची वाखाणणी आजही होते. पण जुळारी हा कानाने नव्हे, डोळ्याने काम करणारा मनुष्य. त्याच्या पेटीत 'ग' हा वर्ण नसतो, ग च्या आकृतीचे खिळे असतात: पूर्ण ग, अर्धा ग, कान्याची रेघ, वेलांटी. अखंड पद्धतीच्या टाईपात मात्रेसह सबंध अक्षर एका खिळ्यावर, तर डिग्री पद्धतीत तुकडे जोडून. दोहोंत फरक कारागिरीचा; अक्षर म्हणजे शिशाची आकृती, हे तत्त्व दोहोंतही एकच.

आकृत्यांची संख्या फार, आणि यंत्रावरील जागा थोडी. तेव्हा यंत्रासाठी लिपी वाकवावी की लिपीसाठी यंत्र, हा वाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगलाच रंगला. सावरकरांनी पुरस्कारिलेली अ ची बाराखडी आणि १९५३ सालच्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचा केलेला ठराव ही त्याची ठळक उदाहरणे. वेलांटी पुढे मुकाट्याने आपल्या जागी परत आली. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. त्यात हा सर्व इतिहास मिळतो, सबब येथे विस्तार करीत नाही.

संगणक आला आणि वादाचे स्वरूपच पालटले. संगणकाला आकृती कळत नाही, आकडा कळतो. तेव्हा प्रश्न असा पडला की आकडा द्यावयाचा तो कशाला? खिळ्याला, की वर्णाला?

१९८० नंतरच्या दशकात ह्यास एक शास्त्रशुद्ध उत्तर मिळाले, आणि ते भारतातच मिळाले. कानपूरच्या आय.आय.टी.त ज्या प्रणालीची सुरुवात झाली आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत जिची वाढ झाली, त्या जिस्ट प्रणालीत आकडा वर्णाला दिला होता. प्रथम ग, मग वेलांटी. जसे आपण उच्चारतो तसे. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेण्याचे काम यंत्राने करावयाचे, माणसाने नव्हे. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ सालचा; इस्की ही संकेतावली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तीत देवनागरी ल, गुजराती ल आणि बंगाली ल यांना एकच आकडा होता. पाणिनीच्या वर्णसमाम्नायावर वाढलेल्या देशास शोभेल असेच हे उत्तर होते.

परंतु बाजाराने ते मानले नाही. बाजाराचे म्हणणे असे: आम्हांस उद्या सकाळी पत्रिका छापून द्यावयाची आहे, अक्षर सुंदर दिसले पाहिजे, आतला आकडा कोणता हे गिऱ्हाईक विचारीत नाही. विंडोज ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तत्कालीन आवृत्त्यांना देवनागरी येत नव्हती. त्यांना रोमन अक्षरे येत होती. तेव्हा चतुर कारागिरांनी युक्ती काढली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या दोन-अडीचशे खणांत देवनागरी आकृत्या बसवून दिल्या. यंत्र आतल्या आत रोमन अक्षरांची अर्थहीन रांग लिहीत आहे, आणि बाहेर फाँटचा मुखवटा चढवून ती रांग मराठी म्हणून मिरवीत आहे, अशी ही व्यवस्था. श्रीलिपी, आकृती आदी संचांनी मराठी डीटीपीचा धंदा उभा केला तो ह्याच पायावर. निर्णयसागरच्या जुळाऱ्याची पेटीच ती. फक्त शिसे गेले.

ह्या धंद्यास दोष देणे सोपे आहे, आणि आज्ञावली लिहिणारे तो सढळपणे देतात. आम्ही तितके कठोर होऊ इच्छीत नाही. गणेशचतुर्थीच्या आधी मंडळाची स्मरणिका, पावतीपुस्तके आणि फलक हातात पडलेच पाहिजेत, अशी ज्या वस्तीची निकड, तेथे डीटीपीवाल्याने संकेतावलीचे तत्त्वज्ञान पाहत बसावयाचे की काम उरकावयाचे? त्याच्यामुळेच मराठी अक्षर संगणकाच्या युगात दिसते राहिले. पण नुसते दिसते राहिले, हीच अडचण.

आता काळाची सांगड पाहा. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९८९ च्या सुमारास दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी राहिली. १९९१ साली गिरण्यांच्या जमिनींसंबंधीचा विकास नियंत्रण नियम ५८ आला. २००१ साली त्यात असा फेरबदल झाला की मोकळ्या जागेचा, गृहनिर्माणाचा आणि कामगारांचा वाटा कोठल्या कोठे आटला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेरबदल उचलून धरला. म्हणजे गिरणगावचे गिरणगावपण ज्या कालखंडात संपले तो १९८९ ते २००६ चा. आणि मराठी मजकूर यंत्रात आकृतीच्या रूपाने, वर्णाच्या नव्हे, साठविला गेला तो कालखंड कोणता? हाच, जवळजवळ वर्षास वर्ष लावून.

ह्याचा अर्थ असा की त्या सतरा वर्षांत ह्या वस्तीने स्वतःच्या भाषेत जे लिहिले आणि संगणकावर जुळविले, म्हणजे देण्यांचे अर्ज, सभांची पत्रके, चाळ समित्यांचे ठराव, मंडळांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिके, त्यातील बहुतेक भाग यंत्राच्या दृष्टीने मराठी नाहीच. ती फाईल आज उघडली आणि मूळ फाँट हाताशी नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसतो. 'गिरणी' हा शब्द शोधावयास सांगितला तर यंत्र उत्तर देते की असा शब्द ह्या मजकुरात नाही. खोटे नाही बोलत ते. त्याच्यापुरता तो शब्द तेथे खरोखरच नाही. उलट त्याच काळात त्याच प्रश्नावर इंग्रजी वृत्तपत्रांनी, वकिलांनी आणि नगररचनाकारांनी जे लिहिले, ते पहिल्या दिवसापासून शोधण्याजोगे होते. उद्याच्या इतिहासकाराने शोधयंत्रावर भिस्त ठेवली, तर गिरणगावच्या अखेरीची कथा त्यास इंग्रजीतच ऐकू येईल. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून ऐकून जो इतिहास लिहिला, तो २००४ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि मराठीत 'कथा गिरणगावची' म्हणून आला. कागदपत्रे मुकी झाली असता माणसांना बोलते करणे किती मोलाचे, ते त्यावरून कळते.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांची स्थिती निराळी नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसाधारण लोकांस इंटरनेट खुले केले आणि पुढील काही वर्षांत मराठी दैनिके वेबवर आली. पण प्रत्येकाचा फाँट वेगळा. वाचकाने आधी तो उतरवून घ्यावयाचा, मग बातमी वाचावयाची. एका दैनिकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की अग्रलेखाची बाराखडी होऊन जाई. वेबचे पान जड झाले म्हणून कुरकुरणाऱ्या आजच्या तरुणांस हे दिवस आठवत नाहीत.

सुटका झाली ती दोन दिशांनी. युनिकोड ही जागतिक संकेतावली १९९१ सालापासून प्रसिद्ध होत होती, आणि तिच्या देवनागरी विभागाने १९८८ च्या इस्कीची मांडणीच स्वीकारली होती. भारतीय उत्तर असे परदेश फिरून परत आले. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये ही देवनागरी प्रथमच मूळ ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसली, आणि तिच्याबरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' फाँट आला. जोशी हे सुलेखनकार, आय.आय.टी. मुंबईत अध्यापक आणि नंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संशोधक. मंगलच्या वळणाविषयी मराठी माणसाने नाक मुरडले नाही असे नाही. परंतु त्या फाँटमुळे कोणत्याही संगणकावर कोणताही मुखवटा न चढविता मराठी दिसू लागली, एवढी गोष्ट निर्विवाद.

दुसरी दिशा लिनक्सवाल्यांची. त्यांचे म्हणणे असे की मराठीसारख्या भाषेने एका कंपनीच्या मर्जीवर राहू नये. जी ऑपरेटिंग सिस्टिम उघडून पाहता येते, तीच आपली करून घेता येते. मुंबईत इंडलिनक्स हा उपक्रम ह्याच मताने सुरू झाला; आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआय ह्या संस्थेत जितेंद्र शाह यांच्याभोवती जमलेल्या इंडिक्ट्रान्स गटाने मराठीसाठी पुष्कळ खस्ता खाल्ल्या. ही संस्था १८८७ साली भायखळ्यास निघाली ती मुख्यतः गिरण्यांस लागणारे कुशल तंत्रज्ञ तयार करण्यासाठी. मागांची विद्या शिकविणाऱ्या संस्थेत शंभर वर्षांनी लिपीची विद्या यावी, हा योगायोग आम्हांस आवडतो.

विंडोजवाले आणि लिनक्सवाले यांच्या भांडणात कोणाचा जय झाला, असे वाचक विचारतील. पडद्यावरची गादी विंडोजने राखली. पण आज बहुसंख्य मराठी माणसे ज्यावर लिहितात तो अँड्रॉइडचा फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, आणि त्यात वेलांटी डावीकडे नेण्याचे व जोडाक्षरे जुळविण्याचे काम हार्फबझ नावाची मुक्त आज्ञावली करते. हे नाव 'हर्फ' आणि 'बाज', म्हणजे अक्षर आणि खुले, ह्या फारसी शब्दांवरून घेतले आहे. शिवकालीन दप्तरात फारसीने मराठीत घर केले होते. आता मराठीचे प्रत्येक अक्षर एका फारसी नावाच्या कारागिराच्या हाताखालून जाते.

वर्णाला आकडा मिळाल्याने मात्र सर्व भांडणे मिटली, असे कोणी समजू नये. 'लालबाग' हा शब्दच घ्या. त्यात सहा आकडे: २३५४, २३६६, २३५४, २३४८, २३६६, २३२७. त्यांतील २३५४ हा ल मराठीचाही आणि हिंदीचाही. मराठी हात ल ला दोन पाकळ्या काढतो, हिंदी ठसा त्यास वेगळे वळण देतो; पण आकडा एक. पानाने स्वतःची भाषा मराठी म्हणून जाहीर केली आणि फाँटमध्ये तशी सोय असली, तरच मराठी ल दिसतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीचे म्हणून ठरविले खरे. पण निर्णय मंत्रालयातून निघतो आणि फाँट दुसरीकडून येतो. ह्या शब्दातील दोन्ही ल ह्या पानावर कोणत्या वळणाने उमटले आहेत, ते वाचकांनीच पाहावे.

अर्ध्या र ची कथा याहून गमतीची. 'कामकऱ्यांचा' ह्यातील ऱ्य लिहिण्याची एक रीत अशी की नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरी अशी की साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दोन्ही रीती युनिकोडला मान्य, दिसण्यात तिळमात्र फरक नाही, आकडे निराळे. शोधयंत्र लिहिणाऱ्यांत येथे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अदृश्य चिन्ह काढून टाका, नाही तर सारखे दिसणारे दोन शब्द एकमेकांस भेटणार नाहीत. दुसरा म्हणतो, काढू नका; काढले की ऱ्य चा र्य होतो, आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हणून लिहिलेल्या चिठ्ठीवर आचार्यांना आमंत्रण जाते. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. यंत्राने दोन्ही लेखने एकच आहेत हे शिकावे. आमचे स्वयंपाकी पंडित करून त्याने आपला भार हलका करू नये. मराठीच्या ॲ ला स्वतंत्र आकडा मिळाला तोही २००८ साली. तोवर कोणी अ वर चंद्र ठेवी, कोणी ए वर, आणि तिन्ही लेखने आज वेबवर शेजारी शेजारी, एकमेकांस अनोळखी अशी नांदत आहेत.

शिवाय मराठीचा स्वभाव. मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटण्याचे नियम लिहिले, त्यावर इंग्रजी शोधाची एक पिढी पोसली. मराठीत 'लालबाग' हा शब्द नुसता क्वचितच येतो. लालबागेत, लालबागहून, लालबागकर, लालबागेतील. बाग स्त्रीलिंगी, म्हणून लालबागेत. परंतु १९३४ पासून बसणारा गणपती 'लालबागचा राजा', लालबागेचा नव्हे. विशेषनाम झाले की सामान्यरूप सुटते, ही मराठीची जुनी खोड यंत्रास कोणी समजवावी? रोमन लिपीत गेलात तर मुंबईकरांचे पारशी वळणाचे 'बॉग' आणि बंगळुरूचे 'बाघ' असे दोन पंथ. शोधयंत्रास 'लालबाग' म्हटले तर हैदर अलीने वसविलेले बंगळुरूचे उद्यान, होळकरांचा इंदूरचा राजवाडा आणि ढाक्याचा सतराव्या शतकातील किल्ला हे सगळे हात जोडून उभे राहतात. त्या गर्दीतून गणपती निघतो. गिरणी निघत नाही.

मुक्या दप्तरांविषयी उपाय नाहीत असे नाही. प्रत्येक जुन्या फाँटसाठी कोष्टक करून आकृतीचे वर्णात रूपांतर करणाऱ्या आज्ञावली पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मात्र कोणते कोष्टक लावावयाचे हे कळण्यासाठी फाईल कोणत्या फाँटमध्ये जुळविली हे ठाऊक पाहिजे, आणि ते ठाऊक असणारा डीटीपीवाला आता धंदा सोडून विरार-बदलापुराकडे राहावयास गेलेला असतो. विचित्र गोष्ट अशी की छापील कागदाची स्थिती फाईलपेक्षा बरी आहे. टेसरॅक्टसारख्या मुक्त आज्ञावलीला मराठी ठसा पाहून वाचता येतो. चूक करते, पण वाचते. एखाद्या मंडळाच्या कपाटात १९९५ ची स्मरणिका आणि तिची फ्लॉपी अशी दोन्ही निघाली, तर फ्लॉपी टाकून द्यावी लागते, आणि पिवळी पडलेली, टाचण्यांनी गंजलेली स्मरणिका फोनसमोर धरली की तिच्यातल्या जाहिरातीसुद्धा वर्णावर्णाने शोधता येतात: कोणत्या चाळीत कोणाचे दुकान होते, कोणत्या खात्यातील कामगारांनी किती वर्गणी दिली, कोणत्या वर्षी त्या यादीतून गिरणीचे नाव गेले.